माथ्यापलीकडचा चढ

शनिवारी दुपारी शाळा सुटली आणि शिट्टीबाई भावजयीकडे डबा परत द्यायला निघाल्या. डबा हे आपलं निमित्त. दोन महिने तो त्यांच्या ओट्यावर पालथा पडून होता आणि त्याची आठवण व्हायला नेमका आजचा दिवस उजाडावा लागला होता.

शिट्टीबाई म्हणजे मुलींच्या शाळेतल्या खेळाच्या बाई. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं काटक, आणि आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाला कुजबुजणाऱ्या पोरी इथून नुसती हाक गेली तरी ताठ उभ्या राहायच्या. गळ्यातली शिट्टी तशी शोभेचीच. सायकलीचा नाद त्यांना उतारवयात लागला, तो धाकट्या भावामुळे. भाऊ नळाची कामं करायचा. आठवडाभर लोकांच्या टाक्या आणि तुंबलेल्या मोऱ्या, रविवारी डोंगर. सायकल क्लबातली मंडळी त्याला डोंगऱ्या म्हणत.

सायकलवाल्यांच्या दोन तऱ्हा असतात. काही जण किती लांब गेलो ते सांगतात, काही जण किती चढलो ते. डोंगऱ्या दुसऱ्या तऱ्हेचा. हँडलवर काडेपेटीएवढं जीपीएसचं यंत्र लावून तो बहिणीला समजावायचा, "हे बघ ताई, ह्याच्या पोटाशी सुईच्या टोकाएवढं भोक आहे. त्यातून ते हवेचा दाब ओळखतं. वर गेलीस की हवा विरळ, खाली आलीस की दाट. दिवसभरात जेवढे चढ चढशील तेवढे सगळे हे एकात एक मिळवत जातं. उतार आला म्हणून वजा करत नाही. संध्याकाळी उरते ती एकूण चढाई. तिला फसवता येत नाही."

गेल्या वर्षी याच दिवसांत डोंगऱ्या धरणावरच्या खिंडीत गेला तो परत आला नाही. दुसऱ्या दिवशी सापडला तेव्हा खिंडीच्या माथ्यावर जो उंची लिहिलेला दगड आहे, त्याला टेकून बसला होता. अंगावर ओरखडा नाही. सायकल शेजारी नीट उभी. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. हँडलवरचं यंत्र मात्र चालूच होतं आणि त्यावर एकूण चढाई दिसत होती साडेसात हजार मीटर. पायथ्यापासून माथ्यापर्यंत ती खिंड जेमतेम हजार भरते.

क्लबाच्या भिंतीवर वर्षभराच्या चढाईचा एक फळा असे. क्लबाचे सेक्रेटरी, म्हणजे गावातले दातांचे डॉक्टर, यांनी डोंगऱ्याच्या आकड्यावर काट मारली आणि शेजारी खडूनं लिहिलं : बाद. यंत्रात फेरफार.

बिघाड नव्हे. फेरफार. मेलेल्या माणसाला एका शब्दात खोटारडा ठरवून टाकलं. मग काय, तोंडं सुटलीच. पहिल्या नंबरासाठी गडी काहीही करायचा म्हणे. आधीचेही आकडे तसलेच असणार म्हणे.

भावजयीनं डबा घेतला, चहा टाकला. बाई उभ्यानंच म्हणाल्या, "त्याचं यंत्र दे मला. उद्याच्या दिवस."

भावजय चहाकडेच बघत राहिली. "कशाला?"

"खिंडीत जाते. त्याचं एका बाजूला लावीन, माझं दुसऱ्या बाजूला. दोन्ही सारखं मोजतात की नाही, बघू या."

"आणि नाही मोजलं तर?"

"मग निदान यंत्र बिघडलेलं होतं एवढं तरी सिद्ध होईल. तो खोटा नव्हता, एवढं."

"ताई, नका जाऊ. मला नाही कुणाला काही सिद्ध करायचं." भावजयीचा आवाज खाली आला. "ते यंत्र मी चार्जसुद्धा करत नाही. तरी कधीकधी..." ती थांबली. "जाऊ दे."

आतल्या खोलीतून आईनं हाक मारली. ती खाटेवर उशीला टेकून बसली होती. लेकीचा हात धरून म्हणाली, "अगं, फेरफार म्हणजे काय गं? दुकानात दोघी बोलत होत्या. मला बघून गप्प झाल्या."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्या बाहेर आल्या आणि भावजयीसमोर नुसता हात पुढे केला. भावजयीनं फडताळ उघडलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या निघाल्या तेव्हा नवऱ्याची भट्टी पेटलेली होती. नवरा बेकरी चालवायचा. पिठाच्या हातांनीच त्यानं कागदात गरम पाव गुंडाळून त्यांच्या पाठपिशवीत टाकले.

"डॉक्टरांना कळवलंस का?"

"क्लबाच्या ग्रुपवर चांगलं मोठ्या अक्षरात टाकलंय. खिंडीत जातेय म्हणून. कुणाला बघायचं असेल त्यानं यावं."

"अगं, भांडायला चाललीयेस की चढायला?"

"दोन्ही."

तो हसला, पण दारापाशी उभा राहून बराच वेळ मागचा लाल दिवा बघत राहिला.

धरणाच्या भिंतीवरून रस्ता पुढे जातो आणि मग डोंगर धरतो. उजाडत होतं. पाण्यावर वाफ होती. बाईंनी लय पकडली, श्वास आणि पाय एका मापात. हँडलवर दोन यंत्रं शेजारी शेजारी होती, डावीकडे स्वतःचं, उजवीकडे भावाचं. आणि दोन्ही इमानदार जुळ्यांसारखी बरोबर चालली होती. शंभर चढले की दोन्हींवर शंभर. वळण, पूल, पडकी चौकी, पुन्हा वळण. कुठे दोन-चार मीटरांचा फरक पडायचा आणि पुढच्या वळणाला मिटायचा. बाईंना वाईटही वाटलं आणि बरंही वाटलं. यंत्र तर ठणठणीत होतं. मग साडेसात हजार आले कुठून?

माथ्याच्या अलीकडे धुकं लागलं. आधी विरळ, मग दाट, मग असं की पुढच्या चाकापलीकडे रस्त्याचा एक तुकडा तेवढा दिसावा. पाखरं गप्प झाली. उंचीचा दगड धुक्यातून एकदम समोर आला. बाई उतरल्या. दगडाला हात लावला. तो गार आणि ओला होता. एका बाजूला त्याचा रंग पुसट झाला होता, पाठ टेकावी तेवढ्या उंचीवर. तिथे त्या क्षणभर उभ्या राहिल्या, मग नाक पुसून सायकलवर बसल्या. दोन्ही यंत्रांवर हजाराच्या आसपास एकच आकडा होता. आता पलीकडचा उतार उतरायचा, खालच्या पेट्रोलपंपावर चहा प्यायचा आणि घरी जायचं.

पलीकडचा उतार त्यांना चांगला माहीत होता. भावाबरोबर त्या तो दोनदा उतरल्या होत्या, दोन्ही वेळा ब्रेक आवळून आणि त्याला शिव्या देत.

रस्ता उतरत होता. डोळ्यांना तरी तसंच दिसत होतं. मधली पांढरी रेघ पुढे खाली झुकत धुक्यात बुडत होती. डाव्या यंत्रावर चढाईच्या आकड्याखाली दिसणारी उंची एकेक मीटरनं कमी होऊ लागली.

उजव्या यंत्रावर वाढू लागली.

म्हणजे बिघाडच. माथ्यापर्यंत नीट, आणि माथा ओलांडला की हे असं. आईला काय सांगायचं ते त्या मनात जुळवू लागल्या, आणि जुळवता जुळवता त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला धाप लागली आहे. मांड्या भरून आल्या आहेत. उतारावर आपण सगळ्यांत हलक्या गिअरवर पायडल रेटतो आहोत.

त्यांनी पाय थांबवले.

सायकल सुटायला हवी होती. ती मंदावली, जागच्या जागी थबकली आणि सावकाश मागे सरकू लागली.

बाईंनी पाय टेकला. बाटली काढून थोडं पाणी रस्त्यावर ओतलं. पाण्यानं जरासा विचार केल्यासारखं केलं, आणि मग ते त्यांच्या बुटाला वळसा घालून मागे, माथ्याच्या दिशेनं वाहत गेलं. डोळ्यांना दिसणाऱ्या चढावरून वर.

"खरा होता!" बाई ओरडल्या. पहिला शब्द तोंडातून निघाला तो हाच. "माझा भाऊ खरा होता! यंत्र खरं होतं!"

एरवी त्या डोंगरात साधं शिंकलं तरी घुमतं. त्यांचा आवाज धुक्यानं कापसात सुई जावी तसा गिळला.

आणि मग पुढून, अगदी हलका, आवाज आला. टिक्... टिक्... टिक्... टिक्. पायडल न मारता सोडून दिलेल्या चाकाचा आवाज. कुणीतरी उतारावरून अलगद, निवांत उतरत असावं तसा. तो जवळ येत नव्हता. लांबही जात नव्हता. त्याच्याबरोबर वास आला. गंजलेला नळ, ओलं लोखंड, पाइपाला लावायचा चिकट डिंक. रविवारी सकाळी भाऊ दारात उभा राहायचा तेव्हा आंघोळ करूनही त्याच्या हाताला जो वास उरायचा, तो.

"ताई..."

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"चल ना, ताई... थोडंच राहिलंय."

तोच आवाज. चढावर दमल्यावर जरा बसायचा तसा बसलेला. बाईंचे डोळे भरून आले. वर्षभर जे रडू त्यांनी शाळेत, घरी, स्मशानातसुद्धा दाबून धरलं होतं, ते आता आवरेना. आणि त्यांनी खाली पाहिलं तर त्यांचे पाय फिरत होते. कधी सायकलवर बसलो, कधी पायडल मारायला लागलो, काही आठवेना. उजव्या यंत्रावरचा आकडा बराच पुढे गेला होता. डावं यंत्र आता मुकाट झालं होतं, नुसती कोरी काच.

"थोडंच राहिलंय... थोडंच..."

"किती?" बाईंनी विचारलं.

टिक्... टिक्... टिक्.

"किती राहिलंय? आकडा सांग."

"थोडंच, ताई..."

"मीटर किती?" बाईंचा आवाज चढला. मैदानावरचा आवाज परत आला. "अर्ध्या चढावर मी रडकुंडीला आले तेव्हासुद्धा माझ्या भावानं कधी 'थोडंच' म्हटलं नाही. 'अजून तीनशे चाळीस आहेत, ताई, रड आणि चढ,' असं म्हणायचा. मला बरं वाटावं म्हणून एक मीटर कमी सांगितला नाही त्यानं. तू कोण आहेस?"

टिकटिक थांबली.

धुक्यात काही हललं नाही. पण बाईंना कळलं की समोर जे होतं ते आता आपल्याकडे तोंड करून उभं आहे.

"नाव सांग!" त्या कडाडल्या. दात वाजत होते, पण आवाज कापला नाही. "लपून काय बोलतोस? पुढे ये आणि सांग!"

पुढे कुणी आलं नाही.

बाईंनी सायकल फिरवली. इथवर चढ लागला होता, म्हणजे आता माथ्याकडे उतार मिळायला हवा. पहिलाच पायडल पोलादासारखा जड गेला. इकडूनही चढ होता. जाताना चढ, येताना चढ. यंत्रावरचा आकडा पुढे पुढेच जात होता. मागे चाकं वाजू लागली, आणि या वेळी एक नव्हतं. कितीतरी होती. टिकटिक टिकटिक, पावसाचे थेंब पत्र्यावर पडावेत तशी. आणि त्यांतून वेगवेगळे आवाज, बायकांचे, पुरुषांचे, एखादा म्हाताराही. सगळ्यांचं एकच. थोडंच राहिलंय... थोडंच राहिलंय...

त्या रेटत राहिल्या. छातीत भाता चालला होता. आणि रेटता रेटता त्यांना आपल्या भावाचं शेवटचं कळलं. तो दगडाला टेकून सापडला होता. माथ्यावर. म्हणजे त्यानंही हाच प्रश्न विचारला असणार आणि त्यालाही आकडा मिळाला नसणार. तो इथूनच वळला होता. सगळे साडेसात हजार मीटर तो कुणाच्या मागे गेला नव्हता. त्यातला निम्मा चढ तो परत येण्यासाठी चढला होता. आणि आला होता. सायकल नीट उभी करून मगच बसला होता.

"वा रे माझ्या वाघा!" बाई दातओठ खात म्हणाल्या.

पण तेवढा दम आपल्यात नाही, हेही त्यांना कळत होतं. भाऊ त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान होता. त्या थांबल्या. थांबल्याबरोबर मागची टिकटिकही थांबली, आणि त्या शांततेत त्यांना रस्त्याखालून पाण्याचा आवाज ऐकू आला. रस्त्याखालच्या मोरीतून एक ओढा पलीकडे जात होता. खळखळ करत, खाली. रस्त्यावर ओतलेलं पाणी रस्त्याचं ऐकत होतं. हे ऐकत नव्हतं.

बाईंनी सायकल खांद्यावर घेतली आणि कठड्यावर पाय टाकला.

"ताई, रस्ता सोडू नकोस..." आवाज आता कानाशी होता. गार. "पडशील, ताई..."

"पडेन. पण खालीच पडेन ना?"

"ते यंत्र... ठेवून जा."

बाईंचा एक पाय कठड्यापलीकडे होता. त्या वळल्या. धुक्यात त्यांना कुणीही दिसलं नाही, आणि त्यांनी पुढे कधी दिसल्याचं सांगितलंही नाही.

"हे माझ्या भावाचं आहे," त्या म्हणाल्या. "तुला पाहिजे असेल तर क्लबात ये. वर्गणी भर."

आणि त्यांनी ओढ्यात उडी टाकली.

गुडघे फुटले, कोपर सोलवटलं, सायकलीची दोन चाकं दोन दिशांना वाकली. ओल्या दगडांवरून, काट्यांतून, कुठे बसून घसरत त्या पाण्याबरोबर खाली जात राहिल्या. वर बराच वेळ चाकं वाजत होती, रस्त्याच्या कडेकडेनं. मग ती ऐकू येईनाशी झाली. मग एक पाखरू ओरडलं. उजव्या यंत्रावर उंची कमी होत होती. डावं यंत्र आपणहून उजळलं आणि तेही उतरू लागलं.

ओढा खालच्या वळणावर पुन्हा रस्त्याला भेटतो. तिथे कडेला एक मोटार उभी होती आणि तिच्यापाशी दातांचे डॉक्टर उभे होते, तोंड पांढरंफटक पडलेलं. ते धावत आले, सायकल घेतली, बाईंना गाडीत बसवून ब्लँकेट टाकलं. दुपार टळून गेली होती.

"सकाळपासून पंपावर वाट बघत होतो," ते म्हणाले. "तुम्ही येईनात म्हणून वर गेलो. माथ्यापर्यंत दोनदा जाऊन आलो, बाई. रस्ता मोकळा होता. ऊन होतं. तुम्ही कुठेच नव्हतात."

बाईंनी भावाचं यंत्र त्यांच्यासमोर धरलं. डॉक्टरांनी आकडा बघितला. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. ते बाईंच्या लक्षात आलं.

"तुम्हाला माहीत होतं."

डॉक्टर स्टीअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिले. "फार वर्षांपूर्वी... मी तरुण होतो. असंच धुकं होतं. मला वडिलांचा आवाज आला. त्यांना जाऊन सहा महिने झाले होते. मी चाललो होतो, बाई. खुशीनं चाललो होतो. चेन तुटली म्हणून वाचलो. सायकल आडवी टाकून रडत बसलो होतो, तेवढ्यात दुधाची गाडी आली."

"आणि माझ्या भावाला फेरफार करणारा ठरवलंत."

"साडेसात हजार! तो आकडा फळ्यावर राहिला असता तर पुढच्याच रविवारी दहा जण तिकडे गेले असते. बिघाड लिहिलं असतं तरी कुणीतरी पडताळायला गेलं असतं. लबाडी म्हटलं की विषय संपतो. पोरं वाचावीत म्हणून केलं."

"पोरं वाचली," बाई म्हणाल्या. "आणि माझी आई दुकानात गेली की बायका गप्प होतात. तुम्ही भ्यालात, डॉक्टर. भ्यालात ते भ्यालात, ते झाकायला मेलेल्या माणसाचं नाव वापरलंत."

डॉक्टरांनी मान खाली घातली. म्हणाले, "मग मी आता काय करू?"

"जे झालं ते सांगायचं. जसंच्या तसं. उभं राहून. हसले लोक तर हसू दे."

पुढच्या बैठकीला क्लबाची खोली भरली होती. बाई कोपराला पट्टी बांधून पहिल्या रांगेत बसल्या. डॉक्टरांनी सांगितलं. चेन, दुधाची गाडी, वडिलांचा आवाज, सगळं. मागे एक-दोघे हसले. बाईंनी वळून नुसतं बघितलं, हसू थांबलं. मग डॉक्टरांनी ओल्या फडक्यानं 'बाद. यंत्रात फेरफार' पुसलं, काट पुसली आणि आकडा पुन्हा लिहिला. आकडा जरा वाकडा आला.

"म्हणजे विक्रम मान्य?" कुणीतरी विचारलं.

"मान्य," बाई म्हणाल्या.

"आणि रस्ता तोच? धरणाकडचा?" एका उंच, सडपातळ गड्याचे डोळे चमकत होते.

बाई उठून त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "तोच. लपवणार नाही. पण धुकं असेल तर माथ्याच्या दगडाला हात लावायचा आणि मागे फिरायचं. आणि कुणी 'थोडंच राहिलंय' म्हणालं, कुणीही, तर त्याला आकडा विचारायचा. आपल्या माणसाचा आवाज असला तरी. आपल्या माणसाचा असला तर आधी विचारायचा."

त्या दिवसापासून क्लबात चढावर कुणी कुणाला 'थोडंच राहिलंय' म्हणत नाही.

आईला त्यांनी सांगितलं ते थोडक्यात. फेरफार म्हणजे काही नाही, लिहिणाऱ्याची चूक होती, त्यानं स्वतः पुसली. भावजयीला मात्र सगळं सांगितलं. भावजय रडली नाही. "परत येत होते..." एवढंच म्हणाली, दोनदा. यंत्र ठेवून घेताना तिनं ते पदरानं पुसलं.

त्या रात्री बाई आणि त्यांचा नवरा जेवून घरात बसले होते. तळमजल्यावरचं घर, सपाट गल्ली, खिडकी लावलेली. नवरा उद्याच्या पिठाचा अंदाज बोलत होता. बाई पायाला तेल चोळत होत्या. बोलता बोलता त्यांचे कान गच्च बसले. घाट चढताना बसतात तसे. आवाज लांब गेले. त्यांनी आवंढा गिळला, कान टक्कन उघडले.

त्यांनी वर पाहिलं. समोर नवरा बोलायचा थांबला होता आणि कानात बोट घालून हलवत होता.

"काय झालं?"

"काही नाही गं. कान बसले." तो जांभई देऊन हसला. "इथे बसल्या बसल्या. गंमतच आहे."

बाईंनी तेलाची बाटली खाली ठेवली. उठून दाराची कडी नीट लावली आणि येऊन त्याचा हात धरून बसल्या, मैदानावर घाबरलेल्या पोरीचा धरायच्या तसा घट्ट.

"आवंढा गिळा," त्या म्हणाल्या. "आणि कुणी हाक मारली तर उठायचं नाही. आपण इथेच बसायचं. बघू या कोण वर नेतंय ते."

थोड्या वेळानं दोघांचे कान पुन्हा बसले. या वेळी जरा जास्त.